जिन्याखालची जावा 14 वर्षांनी बाहेर काढली (महाल, नागपूर)

दोननळी
धागा काढू की नको करत करत शेवटी काढतोच, कारण इथे लिहिलं नाही तर मी परत ताडपत्री टाकून मोकळा होईन हे मला माझ्याबद्दल चांगलं माहीत आहे.

गाडी जावा 250, 1970 ची, आयडियल जावाची म्हणजे मैसूरची. मरून रंग, टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोम (होतं), दोन सायलेन्सर. बाबा कोराडीला पॉवर स्टेशनमध्ये होते, महालातून रोजचं जाणं-येणं याच गाडीवर. मी शाळेत असताना टाकीवर बसायचो, उन्हाळ्यात टाकीचं क्रोम असं तापायचं की हाफपँट घातली की पंचाईत.

2011 च्या उन्हाळ्यात मला नवीन नोकरी लागली होती, हातात चार पैसे आणि डोक्यात हवा. एका रविवारी गाडी खोलली ती पूर्णच खोलली. एक फोटो नाही, एक चिठ्ठी नाही, नटबोल्ट सगळे श्रीखंडाच्या डब्यात. ओळखीच्या एका मिस्त्रींकडून बोर करून घेतला (सिलिंडर आतून कापून मोठा केला), नवीन पिस्टन किट आणली, इंजिन जोडलं, गाडी सुरू झाली, सगळी गल्ली धुराने भरली, मी खुश. दुसऱ्या दिवशी कोराडी रोडने निघालो आणि मानकापूरच्या जवळ खटकन आवाज येऊन जाम. किक हलेना. ऑटोत घालून घरी आणली.

बोर टाईट केला होता मिस्त्रींनी, म्हणजे पिस्टनला जागाच कमी ठेवली, दुसरं काय. मी परत त्यांच्याकडे गेलोच नाही. इतका राग आला होता की इंजिन उघडूनही पाहिलं नाही. गाडी जिन्याखाली गेली, तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर कूलर. दर मार्चमध्ये कूलर उतरवायचा, दिवाळीच्या आधी परत गाडीवर ठेवायचा, असे 14 वर्षं चाललं.

आता घराचं काम काढलंय, जिना तुटणार आहे. भंगारवाला आला होता, त्याने किलोचा भाव सांगितला. बाबा खुर्चीतून म्हणाले, "दे ना, तुला तर काही करायचं नाही." तेव्हापासून झोप नाही.

सुरुवात कुठून करू?

तर्रीपोहे
जिन्याखालून निघाली हीच मोठी बातमी. फोटो टाक बे आधी.

आणि कूलर कुठे ठेवणार आता ते पण सांग.

पेठेतला
अभिनंदन. एकच विनंती, गाडी मूळ स्वरूपातच ठेवा. आजकाल लोक 12 व्होल्ट करतात, एलईडी दिवा लावतात, टाकीला मेटॅलिक रंग मारतात आणि मग त्याला रिस्टोरेशन म्हणतात. 6 व्होल्टचा डायनॅमो नीट असेल तर उत्तम चालतो.

तर्रीपोहे
@पेठेतला 6 व्होल्टवर रात्री वर्धा रोडने जाऊन दाखवा भाऊ. दिवा लागला की नाही ते पाहायला उतरून काडी ओढावी लागते.

पॉइंट_कंडेन्सर
दोननळी, जावा-येझदीवर मी बरीच वर्षं हात काळे केलेत म्हणून सांगतो. घाई करू नका.

पहिली गोष्ट, किकवर उभं राहू नका. आपल्या गाडीत किक आणि गिअर एकच दांडी आहे हे विसरू नका, त्यावर जोर दिला तर किकचे दातेही जातील आणि मग एका कामाची दोन कामं. प्लग काढा, भोकातून डिझेल ओता, आठवडाभर राहू द्या. मग उजवीकडचं कव्हर काढून डायनॅमोच्या बोल्टला पाना लावून हलकेच इकडेतिकडे करून पाहा. हललं तर हललं. नाही हललं तर हातोडा घेऊ नका, ब्लॉक (सिलिंडर) वर उचलायचा.

दुसरं, क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याची, दोन्ही सीलं बदलायचीच. 14 वर्षांत रबर कडक झालेलं असते. टू स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे पंपच आहे, पिस्टन खाली येताना तिथला माल दाबून वर पाठवते. डायनॅमोकडचं सील गेलं तर तिथून बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापते आणि पकडते. क्लचकडचं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढते आणि धूर बंद होत नाही, लोक बिचारे कार्ब्युरेटर साफ करत बसतात.

तिसरा प्रश्न. बोर मिस्त्रींनी केला हे समजलं. इंजिन जोडलं कोणी?

दोननळी
@पॉइंट_कंडेन्सर खूप आभार. डिझेल ओतलंय आज.

इंजिन जोडलं ते घरीच जोडलं. पण मापं सगळी मिस्त्रींचीच होती.

@तर्रीपोहे कूलर सध्या बेडरूममध्ये आहे, बायको बोलत नाहीये.

पॉइंट_कंडेन्सर
घरीच म्हणजे कोणी?

दोननळी
मीच.

संत्राबर्फी
टाकीचं काय झालं ते कोणी विचारतच नाहीये. पेट्रोल तसंच ठेवलं होतं का 14 वर्षं?

दोननळी
हो ना. झाकण उघडलं तर वार्निशचा वास आला, आत टॉर्च मारला तर गेरू. हलवली तर डमरूसारखी वाजते.

संत्राबर्फी
मग ऐक, मी कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आहे आणि माझ्या मामाच्या बुलेटची टाकी मी स्वतः अशीच साफ केलीये. ॲसिड ओतू नकोस. लोक टॉयलेट साफ करायचं ॲसिड ओततात, गंज जातो पण पत्राही खाते, आणि तुझ्या टाकीला बाहेरून क्रोम आहे, त्यावर सांडलं तर गेलं.

आधी टाकी साबणाने इतकी धू की पेट्रोलचा वास राहायला नको, हे गमतीने सांगत नाहीये. मग पाणी भर, त्यात धुण्याचा सोडा बादलीमागे चार-पाच चमचे. बॅटरी चार्जरचं निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह एका साध्या लोखंडी सळईला, सळई तोंडातून आत सोडायची पण टाकीला कुठेही टेकता कामा नये, रबरी बूच लावून मधोमध टांग. स्टीलची सळई, म्हणजे स्टेनलेस, अजिबात वापरू नकोस, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. गच्चीवर कर, खोलीत नाही, कारण हायड्रोजन निघतो. सळईवर चिखल जमतो तो घासून परत लाव. दोन-तीन दिवस लागतील.

झाल्यावर लगेच वाळवून आत टू-टी (टू स्ट्रोकचं) ऑइल फिरव. तासाभरात परत तांबूस होते, मी चहा प्यायला गेले होते तेवढ्यात झाली होती.

अंबानगरीकर
ताई सलाम. मी तर टाकीत खडी घालून हलवायचो.

तर्रीपोहे
अमरावतीला सगळं खडीनेच साफ करतात.

फाइलवाला
कागदांचं पाहिलं का? आरसी कोणाच्या नावावर आहे? गाडी ऑनलाइन दिसते का? जुन्या नंबरच्या पुष्कळ गाड्या सिस्टिममध्ये चढलेल्याच नाहीत, त्यांची बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, ते पहिलं काम.

पुढे दोन रस्ते आहेत. एक, नेहमीसारखं नूतनीकरण, गाडी तपासणीला न्यायची, पास झाली तर पाच वर्षं. दुसरा, व्हिंटेज नोंदणी. 2021 च्या जुलैत केंद्राने नियम आणला, पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात असली पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. तुमची 1970 ची म्हणजे बसते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, 10 वर्षं चालते, नंतर 5,000. नवीन नोंदणीवाल्यांना "व्हीए" अक्षरांचा नंबर मिळतो, आधी नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर राहतो.

पण खोच अशी की व्हिंटेज केली तर रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

दोननळी
आरसी बाबांच्या नावावर, पुस्तक सापडलं, उंदराने एक कोपरा खाल्लाय पण नंबर वाचता येतो. व्हिंटेज नको मला. जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा डे ला नेऊन फोटो काढायचे आणि वर्षभर चादरीखाली, ते तर आताही चालूच होतं ना. मला ती कोराडीला न्यायची आहे.

पेठेतला
विचार करावा. रोजच्या वापराने मूळ भाग झिजतात.

तर्रीपोहे
गाडी आहे ती, लग्नातला शालू नाही.

दोननळी
अपडेट. दोन रविवार गेले.

डिझेलने काही झालं नाही, पाना लावला तर इंचभरही नाही. म्हणून मधल्या वेळात पिशव्या उपसायला घेतल्या. श्रीखंडाचे डबे तीन निघाले, एक नाही. एकात नट, बोल्ट, वायसर, स्प्लिट पिना, आणि त्यातच एक दुधाचा दात, कोणाचा ते घरात कोणाला आठवत नाही. दुसऱ्यात क्लचच्या प्लेटा, कॉर्कवाल्या, वाळून बिस्किटासारख्या मोडतात. तिसऱ्यात जुनी सीलं, जुना कंडेन्सर, पॉइंटचे दोन सेट, बेअरिंगच्या गोळ्या किती ते मोजलं नाही. आणि हो, चावी सापडली! खिळ्यासारखी असते ती. ज्यांनी जावा वापरली त्यांना माहीत आहे, शेजाऱ्याची चावीही चालायची. बाबा सांगतात, कॅन्टीनबाहेरून एकदा त्यांच्या साहेबांचीच जावा घेऊन आले होते चुकून, कामठी रोडला आल्यावर आरशात पाहिलं तर आरसा वेगळा.

प्रत्येक गोष्ट वर्तमानपत्रावर मांडली, पिशवीत घातली, चिठ्ठी लावली. वर्तमानपत्र आजचंच घेतलं, जुनं घेतलं की मी वाचत बसतो.

आणि एक गोष्ट निघाली त्याच्याबद्दल विचारायचंय. नव्या पिस्टन किटचा तेलकट कागद, घडी घातलेला, त्यात एक लॉक. पिस्टन पिनचा, तारेचा गोल असतो तो. एकदम नवीन, ग्रीससकट. किटमध्ये दोन येतात ना? की एखादा जास्तीचा देतात?

पॉइंट_कंडेन्सर
दोनच येतात.

अंबानगरीकर
जुना लॉक परत लावला असेल एका बाजूने. करतात लोक. चांगलं नाही पण करतात.

दोननळी
हो, तसंच झालं असेल. जुना लावला असेल मी.

पॉइंट_कंडेन्सर
ब्लॉक काढा. आणि काढण्याच्या आधी इथे अंदाज लिहून ठेवा, स्वतःसाठी.

येझदी_प्रतापनगर
मी हा धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय, बोलू की नको असं चाललं होतं.

भाऊ, तुम्ही मला ओळखत नसाल पण आपण 2013 की 14 मध्ये फुटाळा तलावावर भेटलो होतो, रविवारी सकाळी जुन्या गाड्यांवाले उभे असायचे तिथे. मी विचारलं होतं येझदीचं हाफ इंजिन (बोर-पिस्टनचं काम) करायचंय, महालातल्या त्या मिस्त्रींकडे नेऊ का. तुम्ही म्हणालात अजिबात नेऊ नका, माझा बोर टाईट करून ठेवला, गाडी वाया गेली. मी नेली नाही. दुसरीकडे नेली, तिथे काय झालं ते सांगत नाही, पण गाडी गेल्या वर्षी अर्ध्या भावात दिली.

ब्लॉक काढला की सांगा.

तर्रीपोहे
अरे बापरे.

दोननळी
ब्लॉक निघाला. शनिवारी रात्री साडेअकरा वाजता, हेडचे नट सुटले, ब्लॉक मात्र पिस्टनला धरून बसला होता. पॉइंट_कंडेन्सर यांनी सांगितलं तसं हातोडा घेतला नाही, फिन्सच्या बाजूने ब्लोटॉर्चने गरम केला, लाकडाच्या तुकड्याने टकटक केलं, पुन्हा गरम, पुन्हा टकटक, शेजारचे काका खिडकीतून म्हणाले काय सोनं वितळवून राहिला का.

अंदाज लिहून ठेवला नव्हता मी. लिहायची हिंमत झाली नाही.

डाव्या बाजूला लॉक आहे. नवीन. उजवीकडे खाचेत काही नाही. पिन उजवीकडे सरकून बाहेर आलीय आणि ब्लॉकच्या आतल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक चर पाडलाय, नख घातलं तर नख अडकते. खाली ट्रान्सफरच्या खिडकीच्या (पेट्रोलचं मिश्रण वर जाते त्या भोकाच्या) काठाला पिनचा कोपरा फसला आणि तिथेच जाम. बाकी बोर, म्हणजे चर सोडून, आरशासारखा आहे. होनिंगच्या तिरप्या रेघा अजून दिसतात. बोर टाईट नव्हता.

आता खरं सांगतो, पहिल्या पोस्टमध्ये "इंजिन जोडलं" असं जे लिहिलं ते मुद्दामच तसं लिहिलं होतं. मिस्त्रींनी ब्लॉक दिला तो मारबतच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते ती पुतळ्यांची मिरवणूक) आदल्या दिवशी, पोळ्याला. म्हणाले, उद्या मारबत आहे, रस्ता बंद राहते, दोन दिवस थांब, मी येऊन बसवून देतो. मी थांबलो नाही. मारबतच्या दिवशी बाहेर सगळा महाल "घेऊन जा गे मारबत" ओरडत होता, ढोल वाजत होते, मी अंगणात बसून पिस्टन बसवत होतो. एक लॉक लावला, आणि मग बहुतेक मिरवणूक पाहायला गच्चीवर गेलो. बहुतेक म्हणतो कारण ते आठवत नाही. ढोल आठवतात.

आणि 14 वर्षं मी फुटाळ्यावर, ऑफिसात, लग्नात, जिथे जुन्या गाडीचा विषय निघाला तिथे त्या माणसाचं नाव घेऊन सांगत फिरलो.

@येझदी_प्रतापनगर तुम्हाला काय लिहू कळत नाही. माफ करा म्हणून गाडी परत येत नाही.

येझदी_प्रतापनगर
नाही येत. पण लिहिलंत ते बरं केलं.

मिस्त्री आहेत का अजून?

पॉइंट_कंडेन्सर
चर किती खोल आहे? शेवटच्या साईजपर्यंत बोर वाढवून निघतो का पाहा. मूळ बोर 65 मिलिमीटर, पाव-पाव मिलिमीटरने साईज वाढते, एक मिलिमीटरपर्यंत पिस्टन मिळतात. नाही निघाला तर स्लीव्ह (आत नवीन नळी) टाकायची, ब्लॉक बिडाचा आहे, छान बसते.

आणि पिनची बुश, कनेक्टिंग रॉड दोन्ही तपासा. पिन तिरकी ओढली गेली असेल तर रॉडला वाक आला असण्याची शक्यता आहे.

दोननळी
मिस्त्री आहेत. आज गेलो होतो.

पूर्वीच्या दुकानाच्या पुढच्या भागात आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे, भाड्याने दिलंय. मागे बोळातून गेलं की त्यांचं टेबल, वाईस, भिंतीवर पाने टांगलेले, पाठीमागे कॅलेंडर. वय सत्तरच्या पुढे असेल. कोणाच्या तरी स्कूटीचा कार्ब्युरेटर हातात होता.

मी घरून वाक्यं ठरवून गेलो होतो. सगळं सांगितलं, 2011, पोळा, बोर, लॉक, लोकांना काय काय बोललो ते सगळं. बोलता बोलता आवाज चिरकला माझा, लाज वाटली. ते ऐकत होते, जेटमधून फुंकर मारत होते. मग म्हणाले, "कोणती जावा?"

मी परत सांगितलं. मरून, कोराडीवाल्या साहेबांची, असं, तसं.

"नाही आठवत बाप्पा. लय जावा आल्या इथं." मग थोडं थांबून, "ब्लॉक आणला का नुसतं बोलायलाच आला?"

ब्लॉक गाडीच्या डिक्कीत होता. आणून दिला. त्यांनी चष्मा वर केला, बोट आत फिरवलं, चराशी थांबले, म्हणाले, "स्लीव्ह लागते." बोर कोणी केला होता ते विचारलं. म्हटलं तुम्हीच. परत बोट फिरवलं आणि म्हणाले, "बरा केला होता."

तर्रीपोहे
😶

पहिल्यांदाच काही सुचत नाहीये.

संत्राबर्फी
"बरा केला होता" 🙂

येझदी_प्रतापनगर
पत्ता तोच का? विकलेली येझदी ज्याने घेतली त्याला सांगतो, त्यालाही धूर येतोय म्हणे.

दोननळी
पत्ता तोच, फक्त मोबाइल कव्हरच्या दुकानात विचारू नका, त्या पोराला काही माहीत नाही, सरळ बोळातून आत जा.

दोननळी
बऱ्याच दिवसांनी. मधे ऑफिसचं काम, पाऊस, आणि जिना तुटला त्याची धूळ.

स्लीव्ह टाकून झाली, इतवारीकडच्या लेथवाल्याकडे, मिस्त्री स्वतः माझ्या मागे बसून आले आणि लेथवाल्याच्या डोक्यावर उभे राहिले. रॉडला वाक नव्हता, नशीब. सीलं नवीन. टाकी संत्राबर्फीने सांगितली तशी केली, अडीच दिवस लागले, आतून करडी झाली, एका ठिकाणी टाचणीएवढं भोक निघालं जे इतकी वर्षं गंजाने बुजलेलं होतं, ते पितळ भरून घेतलं. क्रोम केलं नाही. क्रोमचे जे पैसे सांगितले ते ऐकून मी गंज लागलेल्या टाकीकडे प्रेमाने पाहिलं.

वायरिंग 6 व्होल्टच ठेवलं आहे @पेठेतला, खुश व्हा. तत्त्व वगैरे काही नाही, डायनॅमो चालू निघाला म्हणून.

पेठेतला
मन भरून आलं.

फाइलवाला
पेट्रोल कोणतं टाकणार? आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉलवालं) आहे.

दोननळी
तेच विचारायचं होतं.

पॉइंट_कंडेन्सर
चालते, पण काळजी घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेते, गाडी उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसते, नेमकं कॉकच्या तोंडाशी, आणि टाकी परत गंजते. म्हणून टाकी भरून ठेवू नका, दोन-तीन लिटरच टाका आणि संपवा. महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा. जुनं रबर, कॉर्कचे वायसर फुगतात, ते बदला, नळी इथेनॉल चालणारी घ्या.

आणखी एक, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ पडते. नवीन स्लीव्हवर पातळ नको. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) एक नंबर वाढवा, प्लगचा रंग पाहत चला, पांढरा दिसला की थांबायचं, चॉकलेटी हवा.

ऑइल सुरुवातीला लिटरमागे 50 मिली, म्हणजे 1:20. रनिंग-इन (नवीन पिस्टनवर सुरुवातीला हळू चालवणं) झालं की 40. ऑइल आधी डब्यात पेट्रोलबरोबर हलवून मग टाकीत. पॉइंटचा गॅप 0.4 मिलिमीटर.

तर्रीपोहे
नागपुरात राहून इथेनॉलला शिव्या द्यायची हिंमत पाहिजे बे.

दोननळी
झाली सुरू. रविवारी सकाळी, सातव्या किकला. पिस्टन मिस्त्रींनी बसवला, मी फक्त लॉक हातात दिले. दोन. त्यांनी लावले आणि मला म्हणाले पाहून घे, मी दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग बायकोला बोलावून दाखवलं, तिने पण पाहिलं. लॉक लावताना पहिल्यांदाच बोलली ती इतक्या दिवसांनी नीट.

धूर एवढा झाला की समोरच्या घरातून "आग लागली का" म्हणून फोन. डिंग डिंग डिंग असा आवाज येतो ना जावाचा रेस सोडल्यावर, तो आला तेव्हा बाबा बनियनवर बाहेर आले. काठी टेकून दोन मिनिटं उभे राहिले, मान वाकडी करून ऐकलं. मला वाटलं आता काही तरी बोलतील.

म्हणाले, "पॉइंट उशिरा आहे," आणि आत गेले.

पॉइंट खरंच उशिरा होता, म्हणजे ठिणगी उशिरा पडत होती. मिस्त्रींनी प्लेट थोडी सरकवली.

कोराडीला अजून नेली नाही, आरसीची तपासणी बाकी आहे, तोपर्यंत गल्लीतच वर-खाली. फोटो खाली टाकलेत. क्रोमकडे पाहू नका.

अंबानगरीकर
देखणी आहे हो तरी. अमरावतीला या घेऊन.

तर्रीपोहे
कोराडीला नेशील त्या दिवशी सांग, मी मानकापूरला ऑटो घेऊन उभा राहतो. अनुभव आहे ना.

राजदूत_काटोल
नमस्कार, मी नवीन आहे इथे. माझ्या आजोबांची राजदूत 175 आहे, काटोलला, पिस्टन बदलून आता या आठवड्यात जोडणार आहे. हा धागा वाचून भीती वाटायला लागली. लॉक जुने चालतील का? किटमध्ये आलेले थोडे सैल वाटतात.

पॉइंट_कंडेन्सर
जुने लॉक कधीच नाही, एकदा काढले की त्यांचा ताण गेला. सैल वाटत असतील तर दुसरे आणा, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. खाच आधी साफ करा, लॉक बसला की पेचकसच्या टोकाने फिरवून पाहा, खाचेत पूर्ण गेलेला हवा, सहज फिरता कामा नये. त्याचं तोंड वर किंवा खाली ठेवा, आडवं नको, पिस्टन वर-खाली होताना ते मिटण्याचा धोका कमी होतो. रिंगांची टोकं त्यांच्या खिळ्यांवर आली की नाही तेही पाहा. आणि लॉक लावताना क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ कापड घाला, हातून उडाला तर थेट आत जातो.

दोननळी
आणि ब्लॉक बसवायच्या आधी ते कापड काढ.

राजदूत_काटोल
काढलंय भाऊ. लॉक पण दोन्ही लावले, किटचा कागद रिकामा आहे, तीनदा झटकून पाहिला.